एक टप्पा जास्त

म्युनिकला पहिल्याच दिवशी भुयारी रेल्वेचा जिना उतरताना मी मधेच थांबलो आणि मागून येणारा एक उंच पोरगा माझ्यावर आदळता आदळता वाचला. मी दार शोधत होतो. मुंबईच्या मेट्रोला असतं तसं, कार्ड लावल्याशिवाय न उघडणारं. नाहीतर निदान स्टुलावर बसलेला एखादा माणूस. दोन्ही नव्हतं. जिन्याच्या तोंडाशी एक निळी पेटी, आणि पुढे सरळ फलाट. लोक येत होते, गाडीत चढत होते, गाडी निघून जात होती.

"तिकीट कोण बघतं?" मी लेकीला विचारलं.

"कुणी नाही. आपलं आपण काढायचं."

"आणि नाही काढलं तर?"

"बाबा, तुम्ही सुट्टीवर आला आहात."

सुट्टी कसली! १९८४ ते २०१५, एकतीस वर्षं मी एस.टी.त कंडक्टर होतो, चिपळूण आगाराला. माणूस रिटायर होतो, नजर होत नाही. आजही कुठल्याही गाडीत चढलो की बसायच्या आधी डोकी मोजून होतात. विमानातसुद्धा मोजली. हवाई सुंदरी मोजत होती म्हणून मी पण मोजली, तिचा आणि माझा आकडा जुळला की नाही ते कळायला मार्ग नव्हता.

तर २०२३ च्या जूनमध्ये मी आणि आमची ही, दोघं लेकीकडे अडीच महिने राहून आलो. व्हिसा, विमान आणि राजवाडे यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. राजवाडे मीही पाहिले. आता आठवायला गेलो तर एकाची खोली दुसऱ्यात मिसळते. जे नीट आठवतं ते सगळं चिल्लर आहे. आणि का कोण जाणे, त्या सगळ्यात कुठे ना कुठे पैसे घ्यायला उभा नसलेला एक माणूस आहे.

लेक म्हणत होती, तुम्हाला ४९ युरोवाला महिन्याचा पास काढून देते. तो त्याच वर्षी मे महिन्यात सुरू झालेला. देशभर कुठल्याही लोकल गाडीत, बसमध्ये, ट्राममध्ये बसा. पण तो मोबाइलमध्ये किंवा चिपच्या कार्डावर असतो. कागदाचं काही हातात येत नाही. मी म्हटलं, मला कागदाचं तिकीट पाहिजे. मग तिने मला पट्ट्यांचं कार्ड आणून दिलं. तिकडे त्याला 'श्ट्राइफनकार्ट' म्हणतात. लांबट कागद, त्यावर आडव्या दहा पट्ट्या, प्रत्येकीवर आकडा. शहराच्या आतल्या भागात मोठ्या माणसाला दोन पट्ट्या, लहान मुलाला एक. जवळच जायचं असेल तर मोठ्यालाही एकच. कार्ड दुमडायचं, जितक्या पट्ट्या जायच्या त्यातली शेवटची वर आली पाहिजे, आणि ते टोक निळ्या पेटीत सारायचं. खटकन शिक्का बसतो. दोन पट्ट्या घालवायच्या तरी शिक्का एकच, दुसरीवर. आधीची आपोआप गेली.

आमच्या वेळी ट्रे होता. दहाचं, पाचचं, दोनचं अशी तिकिटं फाडून भाडं जुळवायचं आणि चिमट्याने टप्प्याच्या आकड्यावर भोक पाडायचं. चिमट्याने दांडीवर टकटक केली की झोपलेले उठायचे. शेवटच्या काही वर्षांत मशीन आलं आणि चिमटा गेला. मशीन चांगलंच, वेबिलाची, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदाची, कटकट कमी झाली. पण बोटांना सवय होती ती होतीच. म्युनिकच्या त्या पेटीत कार्ड सारताना ती सवय इतक्या वर्षांनी जागी झाली. नातीचं कार्डही मीच मारायचो. ती सात वर्षांची. आपल्याकडे ५ ते १२ हाफ, तिथे ६ ते १४ लहान. कुत्र्याला तर एका माणसामागे एक फुकट, दुसरा असेल तर त्याला लहान मुलाचं तिकीट. हे मला नातीनेच सांगितलं. ती कुत्रा मागत होती आणि एक कुत्रा फुकट बसतो हा तिचा मुख्य मुद्दा होता.

कुत्रे मात्र बघण्यासारखे. गाडीत चढायचे, मालकाच्या पायाशी सीटखाली अंग मुडपून बसायचे आणि उतरेपर्यंत हूं की चूं नाही. डबाभर माणसंही तशीच. आपल्याकडे चिपळूणहून गाडी सुटून रामपूर येईपर्यंत शेजारच्याची जमीन, जावई आणि साखर किती आहे ते सगळं कळलेलं असतं. तिथे अडीच महिन्यांत माझ्याशी गाडीत एकूण दोन माणसं बोलली. त्यातली एक तिकीट मागायला आली होती. ते पुढे येतंय.

घराच्या कोपऱ्यावर वर्तमानपत्रांच्या पेट्या होत्या. पायांवर उभी पेटी, वर झाकण, बाजूला पैसे टाकायची फट. झाकण उचला, पेपर घ्या, फटीत पैसे टाका. तिकडे त्यांना 'मुका विक्रेता' म्हणतात. झाकणाला कुलूप नाही. पैसे टाकले नाहीत तरी झाकण उघडतं.

एका शनिवारी सकाळी मी दूध आणायच्या निमित्ताने खाली उतरलो आणि समोरच्या बाकावर बसून राहिलो. म्हणजे सरळ सांगायचं तर लाइन चेकिंग करायला बसलो. तासाभरात नऊ जणांनी पेपर उचलले. सात जणांनी फटीत काहीतरी टाकलं. एका बाईने पेपर घेतला आणि चालू पडली. मी मनात तिची नोंद केली, पण ती पुढच्या वळणावरून परत आली, पर्समध्ये खुडबुड केली, नाणी टाकली आणि गेली. एक सुटातला माणूस मात्र आरामात पेपर काखेत मारून गेला तो गेलाच. आणि ज्या सातांनी टाकलं त्यांनी किती टाकलं? आवाजावरून मला एकदोन ठिकाणी शंका आली. एकाचं नाणं फारच हलकं वाजलं.

दूध घेऊन वर गेलो तर ही म्हणाली, "अहो, दुधाला दीड तास?" मी खरं ते सांगितलं. तेव्हापासून मी खाली निघालो की ती विचारायची, "ड्युटीवर का?"

तिचंही त्या देशाशी एक भांडण झालं, रविवारचं. रविवारी दुकानं बंद हे आम्हाला माहीत होतं. पण रविवारी भिंतीला ड्रिल मारायचं नाही, काचेच्या बाटल्या चौकातल्या मोठ्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण फुटताना आवाज होतो, हे नवीन. हिने सकाळी दहा वाजता मिक्सरमध्ये ओल्या खोबऱ्याची चटणी लावली आणि लेक धावत स्वयंपाकघरात आली. "आई, रविवार आहे!" ही म्हणाली, "मग रविवारी चटणी खायची नाही का?" मिक्सरला बंदी नसावी, लेक जरा जास्तच घाबरते. पण तो मिक्सर आम्ही मग अंगावरच्या शालीत गुंडाळून लावला. खालच्या मजल्यावरची म्हातारी जिन्यात भेटली की "ग्र्यूस गॉट" म्हणायची. त्या भागात नमस्काराला असंच म्हणतात, त्यात देवाचं नाव आहे. हिला ते फार आवडलं. आपल्या रामरामसारखंच की, म्हणाली. आणि ती बाई चटणीबद्दल कधी काही बोलली नाही.

जुलैच्या शेवटी शहराबाहेर एका शेताशी जावयाने गाडी थांबवली. रस्त्याकडेला सूर्यफुलं, ग्लॅडिओलस आणि डेलियाचे ताटवे. पाटी होती, फुलं स्वतः कापा. एका खांबाला सुऱ्या अडकवलेल्या, खाली फुलागणिक दराची यादी, आणि लोखंडी पेटी, वर फट. आजूबाजूला अर्ध्या किलोमीटरवर माणूस नाही.

हिने शेतात शिरून ग्लॅडिओलसचे सात दांडे कापले, घरच्या गणपतीच्या फोटोला तीन आणि हॉलमध्ये चार. मग आम्ही दोघांनी पेटीसमोर उभं राहून हिशेब केला. हिशेबाला पन्नास सेंट कमी पडत होते, आणि पुढचं नाणं दोन युरोचं. आता आली का पंचाईत! कंडक्टर असता तर त्याने तिकिटाच्या मागे बाकी लिहून दिली असती. या पेटीला पाठही नव्हती आणि पेनही. मी म्हटलं, पन्नास सेंट राहू देत, सात दांड्यांत कुणाला कळतंय! जन्मभर लोकांनी मला जे ऐकवलं ते माझ्या तोंडून इतकं सहज निघालं. ही काही बोलली नाही. पुन्हा शेतात गेली, दीड युरोची आणखी फुलं कापून आणली आणि दोन युरोचं नाणं आत टाकलं. खण्णकन आवाज आला. पेटी बऱ्यापैकी भरलेली असावी.

बाटल्यांचा प्रकार मात्र मला समजायला वेळ लागला. तिकडे पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची एकदाच वापरायची प्लॅस्टिकची बाटली घेतली की तिच्या किमतीवर पंचवीस सेंट अनामत लागते. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये घातली की ते परत. पत्र्याच्या कॅनलाही पंचवीस. बिअरची काचेची बाटली असेल तर आठ. मशीनच्या भोकात बाटली आडवी ठेवायची, आत ती गरगर फिरते, मशीन तिच्यावरची खूण वाचतं आणि गिळतं. शेवटी बटण दाबलं की पावती. नात दर आठवड्याला माझ्याबरोबर यायची, ती पावती तिची. मला त्या मशीनची गंमत वाटायची, बस्स.

मग एक दिवस संध्याकाळी आम्ही दोघं इझार नदीवर बसलो होतो. उन्हाळ्यात तिथे दहा वाजत आले तरी उजेड मावळत नाही. नदीत पोरं डुंबत होती, काठावरच्या गोट्यांवर लोक शेगड्या पेटवून मांस भाजत होते. एक म्हातारा आला. माझ्याच वयाचा, इस्त्रीचा शर्ट, पायात स्वच्छ बूट. मागे दोन चाकांची बाजाराची पिशवी, हातात मोजा आणि छोटी बॅटरी. कचऱ्याच्या डब्याशी थांबायचा, बॅटरी आत मारायचा, बाटली काढायचा, पिशवीत टाकायचा आणि पुढच्या डब्याकडे जायचा. लगबग नाही, हातवारे नाहीत. आपण शेतावरून येताना वाटेतली सुकी फाटी उचलतो तसं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की बरेच लोक रिकामी बाटली डब्यात टाकत नाहीत, डब्याच्या बाजूला खाली उभी करून ठेवतात. मी इतके दिवस त्याला आळस समजत होतो. घाण करतात म्हणून लेकीपाशी शेरेही मारले होते. हात आत घालावा लागू नये म्हणून ठेवतात ते.

तो आमच्या बाकापाशी आला तेव्हा माझ्या हातात पाण्याची रिकामी बाटली होती. मी ती त्याच्यापुढे धरली. तो थांबला. बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि घेतली नाही. हसलाही नाही, रागावलाही नाही. उभाच राहिला. मला काही सुचेना. मग मी उठलो, डब्यापाशी गेलो, बाटली खाली ठेवली आणि येऊन बसलो. तेव्हा तो गेला, वाकून ती उचलली, "सर्वुस" म्हणाला आणि पुढच्या डब्याकडे निघाला.

घरी येईपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही. जिना चढताना ही एवढंच म्हणाली, "पेन्शन नसेल का हो त्याला?" मी म्हटलं, असेल, पुरत नसेल. माझी स्वतःची पेन्शन ज्यांना माहीत आहे त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

आता त्या तिकीट मागणाऱ्या बाईकडे येतो.

लेकीचं घर पोचीश्ट्रास स्टेशनजवळ. तिथून गावाच्या मधोमध जायचं तर ग्योटेप्लाट्झ, मग झेंडलिंगर टोर, मग मारियनप्लाट्झ. झेंडलिंगर टोरपर्यंत एक पट्टी, मारियनप्लाट्झला दोन, असं लेकीने शिकवलं होतं. मला ते पटत नव्हतं. एका स्टेशनाने दुप्पट? आमच्याकडे सहा किलोमीटरचा एक टप्पा, टप्पा वाढला की भाडं वाढतं, पण वाढतं म्हणजे टप्प्याएवढंच. मी एकदा फलाटावरचा बोर्ड नातीकडून वाचून घेतला. जवळच्या प्रवासाला एक पट्टी, तिने वाचलं, चार थांब्यांपर्यंत. ती पुढे वाचायला लागली तर मी म्हटलं, पुढचं राहू दे. चार थांबे! मारियनप्लाट्झ तिसरा. म्हणजे लेक आणि जावई इतकी वर्षं एक पट्टी जास्त मारत होते. दोघं इंजिनिअर! संध्याकाळी जेवताना हिशेब मांडून दाखवायचा असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी एकटाच निघालो, मारियनप्लाट्झच्या घड्याळातल्या बाहुल्या बघायला. टाउन हॉलच्या मनोऱ्यात बारा वाजता घंटा वाजतात आणि माणसाएवढ्या बाहुल्या नाचतात. एक पट्टी दुमडली, शिक्का मारला, चढलो. झेंडलिंगर टोरला दारं बंद झाली आणि जीन्स घातलेली एक बाई आणि तिच्याबरोबरचा एक तरुण उभे राहिले. खांद्याला साधी पिशवी. तिने गळ्यातलं ओळखपत्र पुढे धरलं आणि काहीतरी म्हणाली. शब्द कळले नाहीत. पण आवाज कळला. जगात कुठेही तो आवाज मला कळेल. सबंध डब्यात हात खिशात जायला लागले.

मी कार्ड अगदी ऐटीत दिलं. कंडक्टरचं तिकीट आहे, बघ म्हटलं, शिक्का कसा सरळ आहे.

तिने ते बघितलं, उलटं केलं, परत बघितलं. "कुठे उतरणार?" इंग्रजीत विचारलं.

"मारियनप्लाट्झ."

"दोन पट्ट्या."

मी चार बोटं दाखवली. थांबे चार. हा तिसरा. तिने मान हलवली आणि शांतपणे सांगितलं: चार थांबे बसने किंवा ट्रामने. भुयारी रेल्वेने दोनच. झेंडलिंगर टोर दुसरं होतं.

म्हणजे बोर्डावरची पुढची ओळ.

मारियनप्लाट्झला त्यांनी मला फलाटावर उतरवून बाजूला घेतलं. माझ्या ओठांवर एक वाक्य येऊन थांबलं होतं: मी पण डिपार्टमेंटचा आहे. एकतीस वर्षांत हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं असेल! सगळ्यांचा कुणीतरी डिपार्टमेंटचा असतो, मामा ट्रॅफिकला, मेहुणा वर्कशॉपला. मी ते गिळलं. त्याखालोखालचं दुसरं वाक्य होतं, मला माहीत नव्हतं. ते निम्मं बाहेर आलंच. ती म्हणाली, "समजते मी." आणि हात पुढे केला, ओळखपत्रासाठी. लेकीने खिशात ठेवायला लावलेली पासपोर्टची झेरॉक्स मी दिली.

तिच्या पिशवीतून मशीन निघालं. आमच्या मशीनचंच भावंड. जरा सडपातळ, पण तशीच बटणं, तसाच कागदाचा रोल, पावती निघताना तशीच घरघर. ६० युरो. तेव्हाच्या भावाने पाच हजार चारशे रुपयांच्या आसपास. आपल्याकडे चुकवलेल्या भाड्याच्या दुप्पट किंवा १०० रुपये, जास्त असेल ते. हा हिशेब मी तिथे उभ्या उभ्या केला. पण तो चालू असताना डोक्यात दुसरंच काही घोळत होतं.

गुहागर गाडीला एक म्हातारी असायची. मार्गताम्हाण्याचं तिकीट काढलं होतं तिने त्या दिवशी, आणि झोप लागली. मीही हाक मारली नाही. गर्दी होती, माझं पुढच्या बाजूला बुकिंग चाललं होतं. शृंगारतळीच्या अलीकडे चेकिंगने गाडी थांबवली. तिकीट मागच्या थांब्याचं, बाई पुढच्या टप्प्यात. ती घाबरून म्हणाली, "मास्तर, झोप लागली हो." आणि मी काय म्हणालो? "आजी, झोपेचं तिकीट वेगळं नसतं." गाडी हसली. साहेबसुद्धा हसले. तिने लुगड्याच्या ओच्यातून पैसे काढले, मोजून दिले. ते वाक्य मी पुढे किती तरी वर्षं कॅन्टीनमध्ये सांगितलं, आणि दर वेळी हशा मिळवला.

त्या जर्मन बाईने मात्र काही विनोद केला नाही. पावती दिली, पैसे कुठे आणि किती दिवसांत भरायचे ते बोटाने दाखवलं, आणि वर जायचा जिना कुठला तेही सांगितलं.

वर चौकात आलो तेव्हा बारा वाजून बरीच मिनिटं झाली होती. बाहुल्यांचं लग्न, घोडेस्वार, नाच सगळं आटोपलेलं. शेकडो माणसं माना वर करून उभी होती, कारण शेवटी सर्वांत वर एक सोनेरी कोंबडा असतो, तो आरवतो. मीही मान वर केली. कोंबडा तीनदा आरवला. घसा बसल्यासारखा आवाज होता. लोकांनी मोबाइल खाली घेतले आणि पांगले. मी पावतीची घडी घालून कार्डाबरोबर ठेवली.

परत जाताना दोन पट्ट्या मारल्या. मग वाटलं, इथून निघून ग्योटेप्लाट्झला उतरलो असतो आणि तिथून चालत गेलो असतो तर एकीत भागलं असतं. हिशेब करायची खोड जात नाही.

लेक चिडली. माझ्यावर नाही, त्यांच्यावर. "मी लिहिते त्यांना. पाहुणे आहेत, वय सहासष्ट आहे, भाषा येत नाही. सोडतात कधी कधी." मी म्हटलं, नको. "का पण, बाबा?" तिला काय सांगणार! वीस वीसच्या तीन नोटा टेबलावर ठेवल्या आणि म्हटलं, तुझ्या खात्यातून आजच भर. जावई तेवढ्यात फोनवर काहीतरी बघायला लागला. हसू लपवत असावा. ही आतून म्हणाली, "अहो, चिपळुणात कुणाला सांगू नका हं." नातीने मात्र शाळेत सांगितलं. विनातिकीट प्रवासाला त्यांच्याकडे 'काळा प्रवास' असा शब्द आहे, तेव्हा तिच्या वर्गात आमच्याबद्दल नेमकं काय मत झालं असेल देव जाणे. त्यानंतर रोज संध्याकाळी मी बाहेरून आलो की ती दारात हात पसरून उभी राहायची आणि कार्ड बघितल्याशिवाय चप्पल काढू द्यायची नाही. पट्ट्या मोजायची. बारकाईने मोजायची. आमच्या खात्यात असती तर नाव काढलं असतं.

ऑगस्टच्या अखेरीला परत आलो. गणपतीच्या आधी शृंगारतळीला मेहुण्याकडे जायचं होतं. गुहागर गाडीत बसलो. ही महिला म्हणून अर्धी, मी ज्येष्ठ म्हणून अर्धा, दोघांचं मिळून एक तिकीट झालं. कंडक्टर नवीन पोरगा, मला ओळखत नव्हता. गाडी खचाखच. हिच्या शेजारच्या बाईने रामपूर यायच्या आत जर्मनीत भात मिळतो का, लेकीला दिवस गेलेत का आणि विमानाला किती पडले, एवढं विचारून घेतलं. मला फार बरं वाटलं.

मार्गताम्हाण्याच्या पुढे गाडी थांबली. चेकिंग. साहेब मागून तपासत पुढे आले. माझा हात त्यांनी मागायच्या आतच खिशात गेला आणि निघालं ते म्युनिकचं कार्ड. तोच शर्ट होता. साहेबांनी हातात घेतलं. उलटसुलट केलं. शिक्के बघितले.

"हे काय आहे, काका?"

"बाहेरगावचं आहे," मी म्हटलं. "तीन पट्ट्या शिल्लक आहेत अजून."

ते कार्ड परत मागून घेतलं आणि बरोबरचं तिकीट त्यांच्या हातात दिलं. शृंगारतळीपर्यंतचं होतं. पुढच्या सीटवर एक बाई खिडकीला डोकं टेकून झोपली होती. मी वाकून कंडक्टरला विचारलं, "यांचं कुठलं आहे रे?"